बोली

आमच्या सावेडीतल्या घरासमोरचा कडुनिंब २०२५च्या फेब्रुवारीत उतरवला. 'उतरवला' हा शब्द माझा नाही. ज्यांनी ते काम केले, त्यांचा आहे. मी तोवर 'तोडणे' म्हणत होतो आणि महानगरपालिकेला केलेल्या अर्जात 'वृक्षतोड' असे लिहिले होते. आई तर यांपैकी एकही शब्द उच्चारत नव्हती. ती नुसते 'ते काम' म्हणे. भाषा शिकवणाऱ्याला अशा ठिकाणी थबकण्याची खोड असते. परंतु तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न शब्दांचा नव्हता. भरवशाचा ठेकेदार कसा ओळखावा, एवढाच साधा, व्यावहारिक प्रश्न होता.

झाड वडिलांनी लावलेले. १९८४ साली त्यांनी हे घर बांधले, तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाहून डालड्याच्या डब्यात त्यांनी ते रोप आणले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. वडिलांनी १९७२चा दुष्काळ ऐन तारुण्यात पाहिला होता, दुष्काळी कामावर खडी फोडली होती. भांडी विसळलेले पाणी झाडालाच गेले पाहिजे, हा घरातला नियम त्यांनी नगरला नळाचे पाणी असतानाही मोडू दिला नाही. पुढे पाडव्याला गल्लीतली निम्मी घरे आमच्याच झाडाचा डहाळा नेऊ लागली. वडील २०११ साली गेले. झाड वाढतच राहिले.

२०२४च्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात त्याची एक मोठी फांदी शेजारच्या काकांच्या गाडीवर पडली. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते गाडी गल्लीच्या टोकाला लावू लागले, एवढेच. ते न बोलणे आम्हांला फार लागले. फांदी जिथून निखळली होती, तिथे हात घातला तर आत भुसा लागत होता. पावसाळ्यात बुंध्याशी अळंब्या उगवल्या. झाड आतून कुजत असल्याची ती खूण आहे, हे मला नंतर कळले.

शहरातले झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी ते आपल्याला मनमानीने तोडता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, अधिकारी पाहणी करतात, जाहीर सूचना निघते, तिची एक प्रत झाडावरही चिकटवली जाते. झाड मेलेले, रोगट किंवा जीविताला धोकादायक असेल तर परवानगी नाकारू नये, असेही कायदा सांगतो. आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस थांबायचे असते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. त्यामुळे झाडाच्या वयाला महत्त्व आले. मी 'चाळीस वर्षे' असे लिहिले आणि काही क्षण त्या आकड्याकडे पाहत बसलो. वडिलांच्या त्या डालड्याच्या डब्याची सरकारदरबारी झालेली ही पहिली नोंद. नोव्हेंबरात परवानगी हाती आली. तोवर शहराचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले होते. बोलताना आम्ही दोन्ही काळांत नगरच म्हणत आलो, हा भाग निराळा.

परवानगी येण्याआधीच पहिले ठेकेदार आले होते. अत्यंत वाक्चतुर गृहस्थ. झाडाला एक फेरी मारून ते म्हणाले, "सर, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. उलट लाकडाचे आठ हजार मीच तुम्हांला देतो. आणि परवानगीच्या भानगडीत कशाला पडता? रविवारी पहाटे येतो, दुपारपर्यंत अंगण झाडून देतो." त्यांच्या बोलण्यात लय होती, उदाहरणे होती, माझ्या वडिलांबद्दल आदर होता. मी मोहात पडलो, हे कबूल केले पाहिजे. आठ हजारांच्या मोहात नव्हे. सगळे इतक्या सोप्या रीतीने संपू शकते, या कल्पनेच्या मोहात. आईने विचारले, "परवानगी नसताना तोडलं, तर दंड कुणाला?" त्यावर ते हसले. त्या हसण्यात उत्तर होते.

दुसरे ठेकेदार याच्या अगदी उलट. नम्र, मितभाषी, हात जोडून बोलणारे. दर सर्वांत कमी. मी मनाशी म्हटले, हा माणूस कष्टाळू दिसतो. इथे माझी चूक झाली. पंचवीस वर्षे मी मुलांना पात्राच्या संवादांवरून त्याचा स्वभाव ओळखायला शिकवत आलो आहे. बोलण्यावरून माणूस कळतो, असा माझा पक्का समज होता. त्या समजापायी मी त्यांना एकही खरा प्रश्न विचारला नाही. किती माणसे येणार, कोण चढणार, फांद्या कुठे पाडणार, कशाविषयी काहीच नाही. निम्मे पैसे इसार म्हणून देऊन टाकले.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते आले. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा आणि भाड्याने आणलेले कटर. मुलाच्या कमरेला पट्टा नव्हता, पायांत स्लीपर होत्या, त्या त्याने खाली काढून ठेवल्या. झाड पानांनी भरलेले होते. गच्चीच्या बाजूची जाड फांदी त्याने मुळाशी कापायला घेतली. ती अर्धी कापली गेली आणि स्वतःच्याच भाराने फाटत खाली आली, गच्चीच्या कठड्यावर आपटली आणि उलटून तिने मुलाला धडक दिली. तो एका हाताने खालच्या फांदीला लटकला, मग सुटला आणि पडलेल्या पाल्यावर पडला. पाल्यानेच त्याला वाचवले.

त्यानंतरचा अर्धा मिनिट मला पुनःपुन्हा आठवतो. आई धावली ती मुलाकडे. ठेकेदार ओरडले, "कटर कुठंय?" आणि मी... मी आधी कठड्याकडे पाहिले. किती फुटला आहे, ते पाहिले. मग मुलाकडे गेलो.

त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेले. खांदा निखळला होता. हाड मोडले नव्हते. डॉक्टर खांदा बसवून बाहेर गेले, तेव्हा वेदनेने पांढरा पडलेला तो मुलगा मला म्हणाला, "सर, मशीनला काही झालं नाही ना? नाहीतर माझ्या पगारातून कापतील." संध्याकाळपर्यंत ठेकेदारांचा फोन बंद झाला होता. इसार गेला तो गेलाच. अर्धवट कापलेले झाड एका अंगाने उघडे पडून तसेच उभे राहिले.

मी ही हकीकत सहकाऱ्यांना सांगितली तेव्हा सर्वांनी त्या ठेकेदाराला नावे ठेवली. मीही ठेवली. परंतु रात्री झोप येईना, ती त्याच्यामुळे नव्हे. 'विश्वासू माणूस हवा' असे मी महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होतो. त्याचा अर्थ मी काय धरला होता? माझी भिंत पडू नये, माझे पैसे बुडू नयेत, माझ्यावर दंड येऊ नये. जो माणूस वीस-पंचवीस फूट उंच चढणार, त्याने माझ्यावर कोणता विश्वास ठेवायचा, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. सर्वांत कमी दर मी आनंदाने स्वीकारला होता, आणि तो दर कुणाच्या कमरेचा पट्टा वगळून कमी झाला आहे, हे मी विचारले नव्हते. कठड्याकडे आधी वळलेली माझी नजर हे त्याच हिशेबाचे उत्तर होते.

तिसरे गृहस्थ आले ते जानेवारीत, दूधवाल्याच्या ओळखीने. साठीच्या आसपासचे, नेवाशाकडचे. आई त्यांना पहिल्या दिवसापासून मामा म्हणू लागली. ते आले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने त्यांनी बुंधा खालपासून छातीच्या उंचीपर्यंत ठोकून पाहिला. एका ठिकाणी आवाज बदलला. तिथे त्यांनी खडूने खूण केली. मग विचारायला सुरुवात केली. विजेची तार कुणाच्या घराला जाते? ती बंद करून मिळेल का? शेजारच्यांच्या गच्चीवर दुपारी कोण असते? बोअर कुठे आहे? परवानगीचा कागद आहे का? हा अर्धा कापलेला कुणी ठेवला, आणि त्या दिवशी कुणाला लागले का? शेवटचा प्रश्न त्यांच्याआधी कुणीच केला नव्हता. फुटलेला कठडा त्यांना दिसत होता, तरी त्यांनी विचारले ते माणसाविषयी.

आईने धीर करून विचारले, "वाचेल का हो?" मी त्यांच्याकडे पाहत होतो. एखादे सांत्वनाचे वाक्य येईल, अशी माझी अपेक्षा. ते म्हणाले, "नाही, ताई. गाभा गेलाय. यंदाचा वळीव काढील, पण पुढचं मी सांगणार नाही." लाकडाचे काय येईल, असे मी विचारले. "जळणाचं येईल थोडं. आठ हजार कुणी म्हणत असंल, तर त्यानं साल बघितली, आत नाही बघितलं. तोडून झाल्यावर तोच म्हणंल, पोकळ निघालं, आता तुम्हीच द्या." आणि मग: "आत्ता हात लावत नाही. फेब्रुवारीत पान झडंल, निम्मं वजन उतरंल. तोवर ती कापलेली फांदी तेवढी दोरानं बांधून जातो. त्याचे पैसे नकोत."

मामांनी निघताना एक वाक्य उच्चारले: "आता बोली करून घेऊ." बोली म्हणजे प्रमाणभाषेहून वेगळे, प्रदेशागणिक बदलणारे भाषारूप, असे मी वर्गात सांगतो. व्यवहारात बोली म्हणजे ठराव, हा अर्थ मला ठाऊक होता, पण तो मी कधी वापरला नव्हता. मामांची बोली अशी: चार माणसे, दोन दिवस, पट्टा आणि दोर त्यांचे, दोन्ही दिवस तार बंद ठेवण्याची जबाबदारी आमची, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगायचे, तेही आम्ही. पाला ते नेणार, बुंधा जमिनीपासून हातभर ठेवणार, लाकूड आमचे, हवे तर तेच वजन करून विकून देणार. कठड्याला त्यांच्या हातून लागले तर भरून ते देणार. माणसाला लागले तर दवाखाना निम्मा-निम्मा. इसार फक्त दोरखंडापुरता. मी सगळे वहीच्या पानावर लिहिले. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मग सही केली. दर दुसऱ्या ठेकेदाराच्या दुपटीहून थोडा जास्त होता. या वेळी तो कशाचा आहे, हे मला माहीत होते.

फेब्रुवारीत झाड खरोखरच उघडे झाले. मामांनी शेंड्यापासून सुरुवात केली. वर चढलेला माणूस आधी स्वतःला बुंध्याला बांधे, मग कापायच्या फांदीला दोर लावी, मग खालून ओरडा येई, आणि फांदी पडत नसे. ती सावकाश खाली येई, विहिरीत घागर सोडावी तशी. 'उतरवणे' या शब्दाचा अर्थ त्या सकाळी मला डोळ्यांनी दिसला.

दुसऱ्या दिवशी खालच्या दोराला एक माणूस कमी पडला. मी पुढे होऊन म्हटले, "मी धरतो." मामांनी माझ्याकडे, माझ्या हातांकडे पाहिले. "नाही, सर. तुमचा हात दोराला सरावलेला नाही. वरच्याचा जीव आहे." आणि चौथा माणूस परत येईपर्यंत त्यांनी तासभर काम थांबवले. मला अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. आपण ज्याला विश्वास म्हणतो, तो बहुधा दुसऱ्याविषयीच्या चांगल्या भावनेचा प्रकार असतो. मामांचा विश्वास तसा नव्हता. कोणता दोर किती भार झेलतो आणि कोणता हात किती, याचे ते ज्ञान होते. आणि जिथे ते संपते तिथे 'नाही' म्हणण्याची तयारी होती. पहिल्या दोघांनी मला कशालाच नाही म्हटले नव्हते. मामांनी मात्र तीनदा म्हटले. झाड वाचणार नाही, आत्ता तोडणार नाही, दोर देणार नाही.

मामांच्या नेवाशाचा माझ्या तासांशीही जुना संबंध आहे. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी झाली. तिचा पंधरावा अध्याय मी अनेक वर्षे शिकवतो आहे. वर मूळ आणि खाली फांद्या असलेला तो संसारवृक्ष, आणि तो छेदायचा अनासक्तीच्या शस्त्राने. मुळात जो खरा नाही, तो तोडायला कष्ट कसले, असा ज्ञानदेवांचा युक्तिवाद मी मोठ्या उत्साहाने समजावून देत असे. तो युक्तिवाद आजही मला तितकाच सुंदर वाटतो. पण खऱ्या झाडाला आणि त्यावर चढलेल्या खऱ्या मुलाला तो मी नकळत लावून मोकळा झालो होतो. इतके अनासक्त होण्याचा अधिकार मला कुणी दिला होता?

लाकडाचे दोन हजार तीनशे आले. ते आणि त्यात थोडी भर घालून आम्ही त्या मुलाला पाठवले. तो आता एका दुकानात माल उचलतो. खांदा थंडीत दुखतो, असे तो म्हणाला, तेही मी विचारले म्हणून. यंदा पाडव्याला डहाळा बाहेरून आणावा लागला. तो शेजारच्या काकांनी आणून दिला. त्यांची गाडी पुन्हा आमच्या दारासमोर उभी असते.