पायपेटी

आमच्या घरात ऑर्गनला कोणी ऑर्गन म्हणत नसे. ती पायपेटी. बेलापूरच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव. चैत्रात जत्रा आणि जत्रेत नाटक ठरलेलं. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. तिथल्या एका चर्चने जुनी पेटी काढली, ती त्यांनी दोन पगार घालून घेतली. वाशीचा खाडीपूल तेव्हा व्हायचा होता. पेंढा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या मचव्यात टाकून आणली. पुढे चिखलातून घरापर्यंत सहा माणसं खांद्याला. आजी म्हणाली, "मयताला बी एवरी मानसं लागत नाय."

चर्चचं खरं मोठं वाद्य म्हणजे पाइप ऑर्गन. त्यात वारा नळ्यांमध्ये शिरतो, प्रत्येक सुराला वेगळी नळी. लहान चर्चला ते झेपायचं नाही. तिथे नळ्यांच्या जागी पितळी जिभांची पेटी आली. पॅरिसच्या दबँने 1840 च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात भाता वारा ढकलतो. अमेरिकन ऑर्गनात उलटं, भाता वारा ओढून घेतो, म्हणून आवाज मऊ. 1854 साली बॉस्टनला निघालेल्या मेसन अँड हॅमलिनचे ऑर्गन असेच. आमची पेटी त्याच जातीची. ही जात संगीत नाटकवाल्यांनी उचलली. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन असे. रेडिओने मात्र 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. आमच्या गावाला त्याचं काय! गावात रेडिओच नव्हता.

बाबा प्रयोगाला विंगेत बसून पेटी वाजवत. पाय भात्यावर, डोळे नटावर. नट सूर सोडून गेला की बाबा त्याच्यामागे जात, त्याला परत आणत.

1970 साली सिडको आली. शेतं गेली, मिठागरं गेली. 1984 च्या जानेवारीत जासई-नवघरच्या आंदोलनात गोळीबारात पाच माणसं गेली. त्या चैत्रात आमच्याकडे नाटक झालं नाही, आणि नंतरही ते धड उभं राहिलं नाही. पेटी ओटीवर गेली. तिच्यावर भाताची पोती बसली, नंतर टीव्ही बसला.

26 जुलै 2005 ला गुडघाभर पाणी घरात. पेटी दोन दिवस पाण्यात. लाकूड फुगलं, भात्याचा सरस सुटला. भंगारवाला पितळेच्या वजनावर भाव सांगून गेला आणि मी हो म्हटलं. बाबांना तेव्हा ऐकू कमी येत होतं, पण हे ऐकलं. "इकाची नाय. तिच्यान आजून वारा हाय."

मी विकली नाही. दुरुस्तही केली नाही. पुढल्या वर्षी बाबा गेले.

गिरगावातल्या कारागिराकडे ती गेली त्यानंतर तीन वर्षांनी. त्याने आकड्याने एकेक सूर खोबणीतून ओढून काढला. दोन ओळी मिळून 122. पितळेला पाण्याने काही झालं नव्हतं. स्प्रिंगा गंजल्या होत्या, नमदा कसरीने खाल्ला होता. भात्याच्या आत एक ठिगळ निघालं, पखवाजाच्या जुन्या पुडीचं. "हे कोणी लावलं?" "बाबांनी." "चामडं जाड आहे, वारा धरत नाही. काढतो." त्याने नवा भाता चढवला. ठिगळ मी रुमालात बांधून घरी आणलं.

मग त्याने विचारलं, पट्टी आजच्या पेटीला मिळवायची का? ही किंचित चढी होती. सूर उतरवायचा तर जीभ मुळाशी घासायची, चढवायचा तर टोकाला. 122 जिभा घासायच्या. आणि घासलेलं पितळ परत येत नाही. मी नको म्हटलं. त्यामुळे भजनी मंडळाच्या पेटीशी ती जुळत नाही आणि मंडळवाले माझ्यावर कुरकुरतात. त्यांचं चूक नाही.

आता ती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या इमारतीत आहे. लिफ्टमध्ये मावली नाही. चौथ्या मजल्यावर चढवायला सहाच माणसं लागली.

खर्जातला एक सूर अजून फसफसतो. कारागीर म्हणाला, तेवढा सूर काढून आणा, दहा मिनिटांचं काम आहे. मी अजून नेलेला नाही.