मिनिटाला पाच लिटर

“बीपी किती हाय वो डॉक्टर?” अक्कलकोटचे असोत की बार्शीचे, सोलापुरात आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच. आकडा चांगला निघाला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. माझा, म्हणजे भूलतज्ज्ञाचा, पडत नाही. रक्तवाहिन्या आवळून धरून शरीर बीपी बराच वेळ सांभाळतं. हातपाय गार, लघवी आटलेली आणि मॉनिटरवर मात्र ११०. मला हवा असतो दुसराच आकडा: हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतंय? धडधाकट माणूस स्वस्थ पडलेला असताना साधारण ५ लिटर.

उजनीच्या कालव्याचं पाणी मोजायचं तर दोन रीती आहेत. कालव्याचा छेद आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करा. नाहीतर वरच्या अंगाला ठरावीक मीठ ओता आणि खाली ते किती पातळ झालं ते पाहा. हृदयालाही याच दोन रीती लागू पडतात. पातळ होण्याची रीत स्ट्युअर्ट यांनी १८९७ मध्ये मिठाचंच पाणी टोचून वापरली. १९७० मध्ये स्वान आणि गँझ यांनी टोकाला फुगा असलेली नळी आणली. (समुद्रावरच्या शिडाच्या होड्या पाहून स्वान यांना ही कल्पना सुचली.) मानेच्या शिरेतून आत सोडली की रक्ताच्या ओढीनेच ती हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत पोचते. मग मिठाऐवजी गार सलाइन: १० मिली झटकन ढकलायचं, आणि टोकाजवळचा तापमापक रक्त किती गार झालं ते टिपतो. तीनदा करून सरासरी काढायची.

पुस्तकांत या नळीचा मान मोठा. तिला एकदा सोलापूरच्या मे महिन्यात आणून पाहावं. एसी बंद पडला की खोलीतलं सलाइन ३४ अंशांवर जातं. रक्त ३७ वर. फरकच उरला नाही तर मोजणार काय? बर्फ शोधावा लागतो. शिवाय उजवीकडची झडप गळत असेल तर गार रक्त मागेपुढे हेलकावतं आणि आकडा बिघडतो.

दुसरी रीत इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. छातीवर प्रोब ठेवायचा, टोचाटोची नाही. डाव्या कप्प्यातून बाहेर पडायच्या वाटेचा व्यास २ सेंमी, म्हणजे छेद ३.१४ चौरस सेंमी. दर ठोक्याला रक्त २० सेंमी पुढे सरकतं, हे डॉप्लर सांगतो. ठोके ८०. गुणाकार ५ लिटर. पण व्यास १.८ वाचला की उत्तर येतं ४. व्यासाचा वर्ग होतो ना! दोन मिलिमीटरांपायी लिटरभर रक्त गायब.

यावरून नळीवाले इकोला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. क्रिचली यांनी १९९९ मध्ये हिशेब मांडला होता: नळीच्याच आकड्यात २० टक्के इकडेतिकडे होतं, तेवढीच सूट नव्या यंत्राला दिली तर दोघांत ३० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घ्यावा लागतो. आणि व्यास काही तासाभरात बदलत नाही. म्हणून मी लिटर बाजूला ठेवतो आणि ते २० सेंमीच पाहतो. रुग्णाचे पाय वर उचलले की पायांतलं सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं. २० चे २३ झाले, तर सलाइन दिल्याने फायदा होईल. २० चे २० च राहिले, तर आणखी बाटली लावणं म्हणजे फुप्फुसात पाणी भरणं. या प्रश्नापुरतं इकोचं उत्तर मला पुरतं.

नळीने जीव वाचतात का, यावर १९९६ साली अमेरिकेतल्या कॉनर्स यांच्या अभ्यासाने खळबळ उडवली: नळी घातलेल्यांत मृत्यू जास्त होते. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत ना तोटा दिसला, ना फायदा. तरी नळी मी अडगळीत टाकलेली नाही. फुप्फुसातला दाब फार वाढलेला असेल, हृदयाची उजवी बाजू थकलेली असेल, तर तिथला दाब सतत आणि थेट तीच सांगते.

आपल्याकडे प्रोबची खरी अडचण कायद्याची आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली या यंत्रांची नोंदणी लागते, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर पोर्टेबल सोनोग्राफी, फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडला तर, नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरता येते. कारण रास्तच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पलीकडच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये रुग्ण अडला तर पिशवीत मावणारं यंत्र त्याच्याकडे नेता येत नाही. व्हेंटिलेटरसकट रुग्णालाच ॲम्ब्युलन्समधून यंत्राकडे आणावं लागतं.