पहाटपाळीची थंडी, काझाचा बर्फ

जळगाव जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना मे महिना आठवतो. भुसावळचं 45-46 अंशांचं ऊन दर उन्हाळ्यात बातम्यांत झळकतं, त्यामुळे वरणगावच्या माणसाने थंडीच्या गोष्टी सांगाव्यात हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. त्यांना पटवायचा एकच उपाय मला माहीत आहे. जानेवारीत पहाटे साडेपाचला मोटारसायकलवर मागे बसवायचं आणि हायवेने दीपनगरपर्यंत न्यायचं. मागेच बसवायचं. गाडी त्यांच्या हाती दिली तर फुलगावच्या आतच परत फिरतील.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी बिनास्वेटरचं फिरता येतं आणि पहाटे पारा 8-9 वर उतरतो. सातपुड्याकडून वारं सुटलं की आणखी खाली. सपाटीच्या भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. पण खात्याचा तापमापक सावलीत, आडोशाला, एका जागी उभा असतो. मोटारसायकलवरचा माणूस उभा नसतो. 8 अंशांच्या हवेत ताशी साठच्या वेगाने निघालं, तर उघड्या कातडीला ती हवा 2 अंशांच्या आसपासची लागते. याचं रीतसर सूत्र आहे, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. माझ्या वडिलांना, आप्पांना, सूत्र ठाऊक नव्हतं, पण पेपर ठाऊक होता.

आप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. चीनच्या युद्धानंतर, 1964 साली आमच्या गावाला हा कारखाना आला आणि गावाचं घड्याळच बदललं. इथे सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनतात. सकाळच्या पाळीला आप्पा राजदूतवर निघायचे. निघण्याआधी कालचा पेपर चौघडी करून बंडी आणि स्वेटर यांच्या मध्ये, छातीवर सरकवायचे. वर मफलर. कागदाच्या घड्यांत हवा अडकून राहते आणि वारा छातीला भिडत नाही. आज हजारो रुपयांची जी जॅकेटं मिळतात, त्यांच्यात याहून वेगळं तत्त्व नाही, फक्त कापड चांगलं आहे. दूधवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या हँडलला रेक्झिनच्या पिशव्या शिवलेल्या असायच्या, त्यांत हात खुपसून ते क्लच-ब्रेक दाबायचे. हिवाळ्यात गाडी चालवताना आधी बोटं जातात, मग गुडघे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात लागलो तेव्हा तोच रस्ता माझ्या वाट्याला आला, फक्त उलट दिशेने. त्या रस्त्यावर थंडी सारखी नसते. वस्तीतून जाताना बरं वाटतं. बागायतीचा पट्टा लागला की एकदम गार हवेत बुडाल्यासारखं होतं, आणि दोन-तीनशे मीटर पुढे गेलं की पुन्हा ऊब. रात्री पाणी दिलेली केळीची बाग असेल तर हा फरक डोळे मिटूनही सांगता येतो. केंद्राजवळ धुकं आणि धूर एकत्र होतो, तिथे काच वर करावी लागते आणि मग डोळ्यांतून जे पाणी यायला लागतं ते गेटपर्यंत थांबत नाही.

केळीला ही थंडी आमच्याहून जास्त कळते. पारा 16 अंशांच्या खाली गेला की तिची वाढ मंदावते, 10 च्या आसपास आला की पानं पिवळी पडायला लागतात, निसवण अडकते, घड दांड्यातच गुदमरतो. म्हणून थंडीच्या रात्री शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात आणि विहिरीचं पाणी बागेला देतात. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा ऊबदार असतं, मुळांजवळची जमीन त्याने तग धरते. आमच्या घरी थंडीवरचा पहिला उतारा म्हणजे पाणी. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे याच्या बरोबर उलटं निघालं.

बर्फात गाडी घालायची कल्पना माझ्या मावसभावाची. तो रावेरला केळीच्या व्यापारात आहे, त्याचा माल दिल्लीच्या आझादपूर मंडीत जातो आणि तिथून वर कुठे कुठे. एका भरीत पार्टीला, शेतात, वांगी भाजून बडगीत ठेचणं चालू असताना तो म्हणाला, "आपला माल बर्फात जातो, आपणच का जायचं नाही भो?" हे काही कारण नव्हे. पण कळण्याची भाकरी आणि भरीत समोर असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

थंडीत लडाखचे घाट बंद असतात. मनालीकडून स्पितीत उतरणारा कुंझुमचा रस्ताही बर्फाखाली जातो. सिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पूह करत किन्नौरमार्गे काझाला जाणारी वाट मात्र हिवाळ्यातही बहुधा चालू ठेवतात, कारण ती सरहद्दीजवळची आहे. सीमा सडक संघटनेची यंत्रं आणि मजूर तिच्यावर सतत असतात. फेब्रुवारीत तीच धरायची ठरली.

भुसावळच्या पार्सल ऑफिसात गाड्या सोपवल्या. हे काम ज्याने केलं नाही त्याला त्याची गंमत कळणार नाही. टाकीतलं पेट्रोल थेंब न थेंब काढायचं, आरसे सोडवायचे, मग हमाल गोणपाट आणि सुतळी घेऊन गाडी अशी शिवून टाकतो की ती बुलेट आहे की कपाशीची गाठ, ओळखू येत नाही. वर ब्रशने नाव-गाव आणि स्टेशन. झेलम एक्सप्रेसने अंबाल्याला उतरलो, गोणपाट फाडलं, बाटलीतून आणलेलं पेट्रोल ओतलं आणि पहिल्या पंपापर्यंत गेलो.

पहिला बर्फ नारकंड्याला, 2,700 मीटरवर. रस्त्याच्या कडेला ढीग, झाडांवर पांढरं, पर्यटक फोटो काढताहेत. खरं सांगायचं तर त्या बर्फाने काहीच त्रास दिला नाही. ताज्या, कोरड्या बर्फात चाक रुततं, कुरकुर आवाज येतो आणि पकडही मिळते. घाबरवलं ते पुढच्या वळणाने. डोंगराच्या उत्तर अंगाला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे रस्ता नुसता ओला दिसत होता. काळंभोर डांबर, वर चमक. दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठून त्याचा नखाएवढा पारदर्शक थर झाला होता. मावसभावाची गाडी त्यावरून गेली तेव्हा तो ना वळला ना थांबला, गाडीने त्याला विचारलंच नाही. हळूहळू आडवी झाली आणि दोघे सावकाश घसरत कठड्याकडे गेले. लागलं काही नाही. समोरून येणारा ट्रकवाला खाली उतरला आणि म्हणाला, "बर्फ से मत डरो, पानी से डरो."

तिथून पुढे आमची गाडी चालवायची पद्धतच बदलली. सकाळी दहाच्या आत निघायचं नाही, दुपारी चारनंतर चालायचं नाही. पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, वेग गिअरने उतरवायचा. टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे रबर जास्त टेकतं. दोन्ही पाय खाली सोडून, तळवे जमिनीला लागतील न लागतील असे ठेवून पहिल्या गिअरमध्ये जायचं. आणि ओला दिसणारा रस्ता आला की आधी उतरून बुटाने घासून बघायचं. खरं तर बर्फासाठी दोन चाकं हा प्रकारच चुकीचा. जर्मनीत 1956 पासून ऐन हिवाळ्यात मोटारसायकलवाल्यांचा एक मेळा भरतो, हल्ली बव्हेरियाच्या जंगलात, तंबू ठोकून. त्सुंडॅप कंपनीच्या 'हिरवा हत्ती' नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाडीवरून त्याला हत्तींचा मेळा म्हणतात. तिथले जुने लोक साइडकार लावून येतात ते हौसेने नव्हे. तिसरं चाक असलं की गाडी घसरते, पण पडत नाही.

खाबला सतलज आणि स्पितीचा संगम लागतो, तिथून रस्ता वर चढतो तो नाकोपर्यंत, सुमारे 3,600 मीटर. पुढे मलिंगचा नाला. पाणी डोंगरावरून रस्त्यावर येतं आणि हिवाळ्यात तिथेच घर करतं. मजुरांनी त्यावर माती टाकली होती, आम्ही आणखी टाकली. इंजिन चालू ठेवून, खाली उतरून, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागचं कॅरिअर, असं करत एकेक गाडी पार केली. मजूर झारखंडचे होते. त्यांच्या पायात रबरी बूट, हातात साधे कापडी मोजे. आम्ही इतकं गुंडाळून आलेलो बघून ते हसले.

ताबोचा मठ 996 सालचा. बाहेरून मातीच्या भिंती, आत हजार वर्षांची चित्रं. त्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. मला तिथला आठवतो तो हेल्मेटच्या काचेवरचा माझ्याच श्वासाचा बर्फ, जो आतून नखाने खरवडावा लागत होता.

काझाला पहिल्या रात्री मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी जेवणाआधी एकच गोष्ट विचारली, "बैटरी निकाली?" उणे 18 अंशांत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते. आम्ही दोन्ही बॅटऱ्या सोडवून आत आणल्या आणि लाकडाच्या शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवल्या, घरच्या मांजराशेजारी. नळ नव्हताच, म्हणजे होता पण गोठलेला. पाणी पिंपात, पिंप स्वयंपाकघरात. सकाळी चोक ओढून किक मारायला गेलो तर किकच खाली जाईना. इंजिनातलं तेल घट्ट झालं होतं. डब्यावर 15डब्ल्यू-50 लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा. जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ. भुसावळच्या उन्हाला 15 पुरून उरतो, इथे नाही. बाईंच्या मुलाने घमेल्यात निखारे आणले, इंजिनाखाली सरकवले, वरून गाडीवर जुनी रजई टाकली. बघताना पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने तिसऱ्या-चौथ्या किकला बुलेट बोलली. ट्रकवाल्यांचे हाल जास्त, कारण पेट्रोलला काही होत नाही पण डिझेलमध्ये मेण धरतं. लडाखसाठी 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल निघालं ते त्यासाठीच.

त्याच दिवशी दुपारी गावातून आप्पांचा फोन आला. तिकडे पारा 8 वर गेला होता. मी कुठे आहे, कसा आहे हे विचारून झालं, मग मूळ विषय निघाला: बागेला रात्रीचं पाणी कोण देणार? लाइट रात्री बाराला येणार होती. मी म्हटलं, शेजारच्या काकांना सांगा, मोटर चालू करतील. "तिकडे किती आहे?" त्यांनी विचारलं. मी उणे 20 सांगितलं. थोडं थांबून ते म्हणाले, "मग तिकडे काहीच पिकत नसेल." पिकतं, पण उन्हाळ्यात, वाटाणा आणि जव. खिशात ठेवलेली केळी तोवर काळी पडली होती. केळं 13-14 अंशांच्या खाली टिकत नाही, साल आधी जाते, हे मावसभावाला धंद्यामुळे पाठ होतं, तरी त्याने घरची म्हणून घडातली फणी आणलीच होती. आतून मात्र चांगली निघाली. बाईंच्या मुलाने दोन खाल्ली.

परतीला रामपूरला उतरलो तेव्हा एकेक थर उतरवत गेलो. सगळ्यात आतला थर आप्पांचा होता. सिमल्याला घेतलेला हिंदी पेपर, घामाने आणि घड्यांनी मऊ झालेला. महागाचं जॅकेट मावसभावाच्या अंगावर होतं आणि छाती त्याच्यापेक्षा माझी जास्त गरम राहिली, असं मी म्हणतो. तो मानत नाही.

आता गावातली पोरं विचारायला येतात. त्यांना मी यादी लिहून देतो: हातमोजे एक नंबर मोठे घ्या, घट्ट मोज्यात बोटांचं रक्त थांबतं. बूट आत लोकरीचा मोजा मावेल एवढे. इंजिनचं तेल निघण्याआधी बदला. बॅटरी सोडवायचा पाना खिशात, डिकीत नाही. आरसी बुकाची झेरॉक्स पार्सलवाल्यासाठी. मागच्या आठवड्यात आलेल्याने यादी वाचली आणि विचारलं, "काका, यात जॅकेट कोणतं ते लिहिलंच नाही." मी त्याला डिसेंबर उजाडू दे म्हटलं, पहाटे साडेपाचला माझ्यामागे दीपनगरपर्यंत ये, मग बोलू. तो येतो म्हणाला खरा. उठतो का बघायचं.