औषधाचं माप आणि कोंबडीचं काळीज

परसातल्या कोंबड्यांवर घरातल्या चहा-साखरेचा खर्च निघतो, हे आमच्या धाडसारख्या गावात नवं नाही. पण कोंबडी रोगानंच नाही, औषधानंही मरू शकते, हे कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. आमच्या जाऊबाईंच्या खुराड्यात ते घडलं, म्हणून लिहिते आहे.

बचत गटाचं कर्ज काढून त्यांनी साठ पिल्लं आणली होती. दोन महिन्यांच्या तलंगा झाल्या आणि पाऊस सरता सरता रक्ती हगवण लागली. ओलसर तूस, दाटीवाटी, दुसरं काय होणार? दुकानातून सल्फाची पूड आली. “थोडी जास्त टाका, लवकर गुण येईल,” असा सल्लाही फुकट मिळाला! त्यात ऑक्टोबरचं कडक ऊन. उन्हात कोंबडी पाणी जास्त पिते, म्हणजे पाण्यातलं औषधही आपोआप जास्त पोटात जातं, बरं का. चौथ्या दिवशी तुरे पांढरे पडले आणि पक्षी पाय ओढू लागले. एकोणीस गेले. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “औषध का मीठ हाये व माय, चिमटीनं टाकाले?”

पशुवैद्यांनी मेलेली कोंबडी फाडून दाखवली. मांसात रक्ताचे ठिपके, मूत्रपिंडं सुजलेली. सल्फा ताबडतोब बंद, ताजं पाणी, के जीवनसत्त्व, आणि सोबत ई जीवनसत्त्व व सेलेनियम. के रक्त गोठण्यासाठी, हे समजलं. पण ई कशाला?

त्यांनी तेलाचा दाखला दिला. उघड्यावर राहिलेलं तेल खवट होतं ना? पेशींच्या पडद्यातही स्निग्ध पदार्थ असतो, तोही तसाच नासतो. काळजानं, म्हणजे यकृतानं, औषध मोडून बाहेर टाकताना ही नासाडी वाढू शकते. ई जीवनसत्त्व पडद्यातच बसून ती थोपवतं. सेलेनियम ज्या विकरात असतं ते उरलासुरला घातक माल फोडून टाकतं. दोघं जोडीनं काम करतात, म्हणूनच बाटलीतही एकत्र मिळतात. क जीवनसत्त्व कोंबडी स्वतःच्या शरीरात बनवते, पण उन्हाच्या त्रासात ते पुरत नाही.

मात्र हा उतारा नव्हे! आधीपासून खाद्यात असेल तर इजा कमी होते. विष भिनल्यावर हे पाजून मेलेली पेशी जिवंत होत नाही. आणि सेलेनियम स्वतःच जहर आहे. किलोभर खाद्याला मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सादेखील लागत नाही. तयार खाद्यात ते घातलेलंच असतं, तेव्हा मनानं वर आणखी ओतू नका. घरचा मका-सोयाबीन भरडून घालणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून मिश्रण घ्यावं. भरडा खवट वास मारत असेल तर त्यातलं ई कधीच संपलेलं असतं, तो टाकून द्या. मोड आलेलं धान्य आणि शेवग्याचा पाला आम्ही घालतो. दोन्ही चांगले, पण औषधाची जागा त्यांना नाही.

एक गोष्ट आणखी. क जीवनसत्त्व घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, नासतं. सकाळी तासा-दोन तासांत संपेल एवढंच करावं आणि सावलीत ठेवावं.

रक्ती हगवणीला अँप्रोलियम हे दुसरं औषध मिळतं, पण तेही मापातच हवं. जास्त झालं तर ब-१ जीवनसत्त्वाची उणीव करतं. अंडी घालणाऱ्या कोंबडीला सल्फा तर द्यायचीच नसते. ती अंड्यात उतरते आणि अंडं आपल्या लेकरांच्या ताटात.

जाऊबाईंच्या एकेचाळीस तलंगा तगल्या. संक्रांतीच्या सुमारास पहिली अंडी मिळाली, कर्जाचे दोन हप्ते फिटले. आता खुराड्याच्या दारावर खडूनं कोणतं औषध, किती आणि कोणत्या तारखेला, एवढं त्या लिहून ठेवतात. पुसून टाकू नये म्हणून पोरांना दम दिलाय.