एका पट्ट्याचा जमाखर्च

दुसऱ्यांची बिले तपासण्यात आमची अकरा वर्षे गेली. प्रवासभत्त्याच्या बिलात चार रुपये अधिक लागले असले तरी ते आमच्या नजरेतून सुटत नाहीत. असे असता स्वतःच्या मोटारीतील एका रबरी पट्ट्यापायी आम्ही जो हिशेब मांडला, तो गिंडीच्या कचेरीतील मंडळींना कळू नये अशी आमची फार इच्छा आहे. वाचक दूर आहेत, म्हणून सांगतो.

गाडी जुनी, डिझेलची, दुसऱ्याच्या हातून आलेली. एप्रिलपासून ती सकाळी सुरू होताना किंचाळू लागली. एंजिनच्या तोंडाशी खाचांचा एक लांबलचक पट्टा नागमोडी फिरत असतो. इंग्रजीत त्याला सर्पाचेच नाव आहे. बॅटरी भरणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, हे सारे त्याच्या एकट्याच्या जिवावर. पूर्वी या कामांना दोनतीन वेगळे पट्टे असत. १९७९ साली फोर्डच्या मस्टँग गाडीत ती सारी एकाच पट्ट्यावर सोपवली गेली आणि पुढे ती रीत सर्वत्र रुळली. कचेऱ्यांतही असेच झाले आहे. तीन टेबलांचे काम पाहणारा एकटा कारकून रजेवर गेला म्हणजे काय होते, हे वाचकांना आम्ही काय सांगावे?

मोठ्या कारखान्यात अंदाजपत्रक मिळाले ५,८४० रुपयांचे: पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर, एक कप्पी, मजुरी आणि कर. छापील कागद, खाली शिक्का. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीमागे झाडाखाली काम करणाऱ्या एका मिस्त्रीलाही आम्ही गाडी दाखवली. त्याने कप्प्या हाताने फिरवून पाहिल्या, टेन्शनर दाबून पाहिला. "नल्ला इरुक्कु, वेण्डाम," म्हणाला. चांगला आहे, नको. पट्ट्याचे ७५०, मजुरीचे ३००. कागद नाही, शिक्का नाही.

आम्हांस पहिला आकडा परवडेना आणि दुसरा खरा वाटेना. इतका स्वस्त मनुष्य काही तरी लपवीत असणार, हा आमच्या धंद्यातला संशय. शिवाय आम्ही स्वतः वाकून पाहिले, तर पट्ट्याला तडा नव्हता. हल्लीच्या रबराला तडे फारसे जातच नाहीत, नुसत्या खाचा झिजतात, हे आम्हांला मागाहून कळले. पगार होईपर्यंत थांबावे असे ठरवले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आईला पुण्याच्या गाडीत बसवायला आम्ही नंगनल्लूरहून निघालो. मामा अंथरुणाला खिळले होते. कत्तिपाराच्या पुलाजवळ खाडकन आवाज झाला, बॅटरीचा तांबडा दिवा लागला, गार वारा बंद पडला आणि पाण्याचा काटा चढू लागला. गाडी कडेला घेऊन एंजिन बंद केले, एवढे मात्र वेळेवर सुचले. दुपारचे दोन वाजले होते. बहात्तर वर्षांची आई ट्रंकेवर बसून पदराने वारा घेत राहिली. रिक्षा मिळायला पाऊण तास गेला आणि सेंट्रलवर पोहोचलो तेव्हा फलाट रिकामा होता.

मिस्त्री संध्याकाळी मोपेडवरून आला, तो नवा पट्टा गळ्यात घालूनच. "बेल्ट पोच्चु, सार," एवढेच बोलला. "अण्णा, किती?" आम्ही विचारले. १,०५०. अडलेल्या माणसाकडून त्याने एक रुपया जास्त घेतला नाही.

आई एक दिवस उशिरा पोहोचली. आदल्या दिवसापर्यंत मामा बोलत होते, असे मामेभावाने फोनवर सांगितले. आईने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. आठवड्याने मात्र तिने सहज विचारले, "अरे, त्या पट्ट्याला शेवटी पडले तरी किती?"

आम्ही ५,८४० सांगितले.