समान गुण, दोन याद्या

२०२४ साली नीट-यूजी या राष्ट्रीय परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे जाहीर झाले; फेरपरीक्षा आणि उत्तरसूचीतील दुरुस्तीनंतर ही संख्या १७ वर आली. चर्चा झाली ती पेपरफुटीची आणि वाढीव गुणांची, आणि ती व्हायलाच हवी होती. माझे मन मात्र एका दुय्यम वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळत राहिले. गुण समान असतील तर यादीत कोणाचे नाव आधी लागते, आणि ते ठरवते कोण?

या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीच्या छाननीचे तांत्रिक काम मी पाहत होते. अर्ज ५० हजारांवर होते, जागा २००. पूर्वीपासून वापरात असलेल्या आज्ञेने काढलेली २०० नावांची यादी समितीपुढे आली होती. पडताळणीसाठी मी त्याच निकषाने सर्व अर्जदारांची संपूर्ण यादी काढली आणि तिच्यातील पहिली २०० नावे ताडून पाहिली. १९९ नावे जुळली. २०० वे वेगळे होते. त्या दोन अर्जदारांचे गुण दशांशापर्यंत समान होते. विदा तीच, यंत्र तेच, निकषही तोच.

कारण डेटाबेसच्या पोटात होते. केवळ पहिल्या २०० नोंदी मागितल्या, तर पोस्टग्रेसक्यूएलसारखी प्रणाली सगळ्यांची क्रमवारी लावत बसत नाही. ती आतापर्यंतच्या सर्वोत्तम २०० नोंदी मेमरीत धरून ठेवते आणि नवी नोंद त्यांतील सर्वांत दुबळ्या नोंदीहून सरस असेल तरच तिला आत घेते. संपूर्ण यादी मागितली की मार्ग बदलतो. एका क्रमवारीसाठी या प्रणालीत मुळात ४ मेगाबाइट मेमरी दिलेली असते. नोंदी तीत मावल्या नाहीत, तर जेवढ्या मावतात तेवढ्यांची क्रमवारी लावून तो गठ्ठा डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत ठेवला जातो. मग पुढचा गठ्ठा. शेवटी सर्व गठ्ठ्यांच्या वरच्या नोंदी शेजारी ठेवून त्यांतील सर्वांत पुढची उचलत एकच सलग यादी विणली जाते. २३ लाख नोंदी प्रत्येकी १०० बाइटच्या धरल्या, तर असे साठेक गठ्ठे होतील.

विलीनीकरणाची ही कल्पना जुनी आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये एडव्हॅक या नियोजित संगणकासाठी तिचा आराखडा लिहिला होता. आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत, त्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकातून आपले असंख्य विद्यार्थी ती शिकतात. परीक्षेत तिचा खर्च मोजायला सांगतात: डिस्कवर किती वेळा लिहिले, किती वेळा वाचले. समान नोंदींचा आपसांतील क्रम कोणता लागेल, हे सहसा कोणी विचारत नाही. एसक्यूएलची प्रमाणभाषा त्याबद्दल कसलीही हमी देत नाही. मार्ग बदलला की तो क्रमही बदलू शकतो. म्हणजे आमच्या दोन्ही याद्या डेटाबेसच्या दृष्टीने बिनचूक होत्या.

समितीतील एका सदस्यांचे म्हणणे होते की पहिली यादी आधी आली, तीच कायम ठेवावी. संगणकाने दिलेला क्रम निःपक्षपाती असतो. मला ते पटले नाही. निःपक्षपात म्हणजे सर्वांना सारखा आणि आधी सांगितलेला नियम. मेमरी पुरली की नाही, यावरून एखाद्याचे वर्षभराचे शुल्क ठरावे, हा नियम नव्हे. मी दोन्ही याद्या आणि प्रणालीने निवडलेले दोन्ही मार्ग छापून समितीपुढे ठेवले. बराच वाद झाला. अखेर गणिताचे गुण हा दुसरा निकष ठरला. तेही समान निघाले! तेव्हा एक जागा वाढवून दोघांनाही शिष्यवृत्ती देण्यात आली, आणि पुढील वर्षीपासून समान गुणांचा नियम जाहिरातीतच छापला जाऊ लागला.

नीटच्या नियमांत २०२४ साली असे निकष लिहिलेले होते: आधी जीवशास्त्राचे गुण, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे, आणि पुढेही काही. हे निकष योग्य आहेत का, यावर वाद घालता येतो, आणि तो घालता येतो कारण ते लिहिलेले आहेत.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक प्रयोग सुचवते. समान मूल्ये असलेली मोठी सारणी घ्या. ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लावून तिची क्रमवारी एकदा थोड्या मेमरीत आणि एकदा भरपूर मेमरीत लावा. पहिल्या वेळी डिस्कचा आणि दुसऱ्या वेळी मेमरीचा उल्लेख दिसेल. समान नोंदींचा क्रम दोन्ही वेळा पाहा. मग ‘ऑर्डर बाय’च्या शेवटी एकमेव असा क्रमांक जोडा, क्रम स्थिर होईल. पण गुणवत्ता यादीत तो क्रमांक अर्जाचा असेल, तर आधी अर्ज करणाऱ्याला झुकते माप मिळेल. तो निर्णय आज्ञा लिहिणाऱ्याने परस्पर घेऊ नये. ज्यांच्या सहीने यादी लागते, त्यांना विचारावे.