नुसता गज हलव

२००८ साली बाबांच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला राहायला गेलो. तिथे माध्यमिक शाळेत प्रत्येक मुलाला अभ्यासाखेरीज एक उपक्रम घ्यावाच लागतो. मला बॅडमिंटन हवे होते, पण तिथल्या जागा भरल्या होत्या. मिळाला चिनी वाद्यवृंद.

माझ्या वाट्याला एरहू आले. दोनच तारा, सा आणि प यांच्या अंतरावर जुळवलेल्या. गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले असतात. बोटांखाली पट्टी नसते, तार अधांतरीच दाबायची. सरांच्या सूचना मँडरिनमध्ये असत, शेजारची मुलगी त्या मला हळूच इंग्रजीत सांगायची. तसे वर्षभर निभावले.

युवा महोत्सवात शाळांच्या वाद्यवृंदांची पाळी दर दोन वर्षांनी येते. ती तीन आठवड्यांवर आली, तेव्हा सरांनी तालीम मध्येच थांबवली. एरहूत कोणीतरी घसरते आहे, म्हणाले. एकेकीला वाजवायला लावले. ती मीच होते.

"तू नुसता गज हलव. आवाज येऊ देऊ नकोस."

चाळीस मुलांत बसून नाटक करायचे! घरी आल्यावर मी ढसाढसा रडले.

त्या वेळी आजी आमच्याकडे आली होती. एरहूला अजगराचे कातडे असते हे कळल्यावर तिने ते देव्हाऱ्याजवळून मुकाट्याने हलवले होते. त्या दिवशी मात्र तिने माझे कागद मागितले. चिनी अक्षरे तिला कुठली वाचता येणार? पण सूर १ ते ७ अशा आकड्यांत लिहिलेले होते. आकड्याच्या खाली टिंब म्हणजे खालचे सप्तक, वर टिंब म्हणजे वरचे.

"अगं, हे तर आमच्या भातखंडे पद्धतीसारखंच!" सांगलीला लहानपणी गाणे शिकलेल्या आजीने एकला सा धरले, चष्मा सावरला आणि माझा भाग चक्क गाऊन दाखवला.

मग मला वाजवायला लावले. "हे बघ, गवरून पवर जाताना तू मींड घेतेस. माझं ऐकून लागलेली सवय ती. कागदावर कुठे आहे मींड?"

एरहूतही मींड असते, पण वाद्यवृंदात ती कुठे घ्यायची हे सर्वांचे मिळून ठरलेले असते. मी एकटीच सजवत बसले होते.

रोज संध्याकाळी आजी टाळी देत गायची आणि मी वाजवायचे. आठ दिवसांनी तालमीत सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी धीर करून आवाज काढला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि काही न बोलता पुढे गेले.

महोत्सवात आम्हाला रौप्य मिळाले. सुवर्ण का हुकले, ते कोणी सांगितले नाही. माझ्यामुळे तर नसेल, असे अजूनही मनात येते.

परत जाताना आजीने त्या कागदांची झेरॉक्स नेली. धून सा, रे, ग, प, ध या पाचच सुरांची होती. सांगलीला ती पेटीवर वाजवत असताना शेजारच्या काकूंनी विचारले, "कुठला राग हो हा?"

"भूप," आजी म्हणाली, "चीनकडचा."